चुलीजवळ वाढलेलं पिल्लू

कालिपा एजेनं नारिनच्या डोंगरात चाळीस वर्षं मेंढरं राखली. गावात सगळ्यांत थोरली, म्हणून आम्ही तिला एजे म्हणायचो. कुत्र्याचं पिल्लू डोळे उघडायच्या आत ती मेंढवाड्यात सोडायची. "वास नाकात बसला की आपलं कोण ते कळतं," म्हणायची. तरीही एखादं मोठं होऊन मेंढीला दात लावायचं. त्याला ती स्वतः बंदुकीनं मारायची.

गेल्या हिवाळ्यात तिचे सांधे सुजले, तोंडावर लाल चट्टे उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तातल्या पेशी तुमची राखण करतात. त्यांच्या अंगावरचे रिसेप्टर, म्हणजे जणू त्यांची नाकं, चाचपून पाहतात. परकं लागलं तर पेशी धावून जाते, आपलं लागलं तर थांबते. तुमच्या थांबत नाहीत. आता तुमच्याच मूत्रपिंडावर धावून गेल्यात."

"म्हणजे माझीच कुत्री मला खातायत! मारून टाका की मेल्यांना."

"औषध देते. पण ते चांगल्या कुत्र्यांनाही गुंगवतं. मग लांडगा आला तर?"

त्या हिवाळ्यात एजेला मेंढवाड्यापर्यंत चालवेना, म्हणून नवं पिल्लू तिनं घरातच, चुलीजवळ वाढवलं.

वसंतात एका सकाळी मी तिच्या दारात उभा होतो. तो चुलीजवळ वाढलेला कुत्रा मेंढवाड्यातून आला. तोंड रक्तानं माखलेलं, दातांत लोकरीचा पुंजका. शाबासकी मागावी तसा शेपूट हलवत तिच्यासमोर बसला.

एजेनं बंदूक उचलली. सुजलेलं बोट चापावर वळेना.