छज्जा मॅडम

उन्हाळ्यात दुपार उतरायला लागली आणि छज्जा मॅडम एखाद्या इमारतीसमोर उभ्या असल्या, की पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसा. मग हात झटकून म्हणायच्या, "ताप हाये हिले." अकोल्याच्या वैशाखात भिंतीला ताप नसेल तर काय असेल, असं आम्ही मनातल्या मनात म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाच्या त्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा अभियंता. नकाशा कुणाचाही असो, त्यांची पहिली नजर खिडकीवरच्या छज्ज्यावर जायची, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं. त्याही कुणाला नावाने हाक मारत नसत. मी परतवाड्याचा म्हणून ‘परतवाडा’, आमचा शिपाई ‘भातकुली’. स्वतः अमरावतीच्या. दर शनिवारी एसटीने घरी जायच्या आणि आयुक्तांसमोरसुद्धा वऱ्हाडीच बोलायच्या. पुण्याच्या एका सल्लागाराने काचेच्या इमारतीचं चित्र पुढे ठेवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "काहून, माणसं भाजाची हायेत का यात?" तो बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

आमच्याकडची एक रीत त्यांना फार छळायची. नकाशात छज्जा, मोकळी गॅलरी, हवा खेळायला जागा, सगळं दाखवायचं. आणि वापराचा दाखला हातात पडला की छज्जा तोडून गॅलरीला निळी काच ठोकायची. काच लावली की कूलर चालत नाही, त्याला वारा वाहता लागतो. मग आला एसी. वीज गेली की जनरेटर. सगळं गाव कधीकाळी उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं. आता गच्चीवर एसीचा वाफारा असा, की पापडसुद्धा कुणी वाळत घालत नाही. "धूर म्हटला का तुमाले गाड्या दिसतात," मॅडम म्हणायच्या. "अरे, कोळसा तिकडं वीजघरात जळते, पण तो पेटवते कोन? हे आपली इमारत पेटवते."

म्हणून त्यांनी नियम तयार केला. शहरातल्या प्रत्येक मोठ्या इमारतीने वर्षभरात जाळलेली वीज आणि डिझेल दाखवायचं, त्यातून किती हरितगृह वायू हवेत गेले ते मोजायचं, आणि ठरवलेल्या मर्यादेत आणायचं. नाही आणलं तर दंड. आम्ही चेष्टा करायचो, की मॅडम आता इमारतींची थुंकी तपासायला पाठवणार. त्या हसायच्या. निवृत्तीच्या आधी तेवढा नियम व्हावा, एवढीच त्यांची आस होती.

पण नियम जसजसा वर सरकला तसतसा आक्रसत गेला. आधी राहत्या घरांना सूट मिळाली, मग दवाखान्यांना, मग शिकवणी वर्गांना, त्यामागून मंगल कार्यालयांना. मग उभ्या असलेल्या सगळ्याच इमारती वगळल्या, आणि नव्यांपैकी खासगी सगळ्या. दर वेळी मॅडम तोंड कडू करून मान डोलवायच्या आणि बाहेर आल्यावर मला समजावायच्या, की पाय तर रोवू दे, मग पाहू. शेवटी नियमाच्या कचाट्यात सापडेल अशी एकच इमारत उरली. ती म्हणजे आमच्याच कार्यालयाची, अजून कागदावर असलेली. त्यावरही मॅडम खूश होत्या. गाव पाहील आणि शिकेल, असं त्यांना खरंच वाटत होतं. मला त्यांची तेव्हा कीव आली होती आणि हेवाही वाटला होता.

नियम मंजुरीला आला त्या महासभेच्या दिवशी कुणीतरी म्हणालं, नव्या इमारतीला दर्शनी काच नसेल तर शोभा कशाची? तीही वगळा. विचारल्याशिवाय अधिकाऱ्याने सभेत बोलायचं नसतं. मॅडम उठल्या, हात जोडले. "एक तरी राहू द्या, बापा. मोजाले एक तरी राहू द्या." त्यांचा आवाज असा फाटलेला मी कधी ऐकला नव्हता. एक सदस्य आपुलकीनेच म्हणाले, मॅडम दमल्या आहेत, त्यांच्या केबिनला आधी एसी बसवा. सभागृह हसलं. नियम मंजूर झाला, टाळ्या पडल्या आणि तो लागू होईल अशी एकही इमारत शहरात उरली नाही.

निवृत्त होऊन त्या अमरावतीला मुलाकडे गेल्या. मुलाने हौसेने घेतलेला फ्लॅट वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेला तोंड करून, काचेचा. हट्टाने एसी न लावता बसल्या आणि उन्हाळ्यात ऊन लागून कोसळल्या. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी खोली गार ठेवायला बजावलं होतं. गारढोण खोलीत त्या गळ्यापर्यंत चादर ओढून पडल्या होत्या. मला खूण करून खिडकीबाहेर पाहायला लावलं. एसीचा बाहेरचा पंखा शेजारच्या खिडकीसमोर गरगरत होता. तिथली बाई लेकराला मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होती.

"माह्या गारव्याची आग तिच्या लेकराच्या तोंडावर जाऊन राहिली," मॅडम म्हणाल्या. "दोनदा बंद केला, पोरानं पुन्हा लावला. आता मी कोनाच्या पाया पडू, परतवाडा?"

 

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. मुलगी परदेशातून यायची होती, तोवर देह ठेवणं भाग होतं. आम्ही गेलो तेव्हा खोलीचं दार लावलेलं होतं आणि एसी होता नव्हता तेवढ्या जोराने चालू होता. शेजारची खिडकी आतून पुठ्ठा लावून बंद केलेली होती. पुठ्ठ्यामागे लेकरू रडत होतं, आणि आम्ही सगळे गारव्यात मॅडमभोवती बसून होतो.