अर्पूच्या अंगाला हात लावायचा नाही

आमच्या गल्लीत उमादेवीला तोंडाळ म्हणतात. सून म्हणून आली तेव्हा ती फार बोलत नव्हती. जवळच्या मुरुम गावात बारावीपर्यंत शिकलेली, धुळाप्पांच्या थोरल्या दाराच्या घरात दिलेली, सकाळी सासऱ्यासोबत, म्हणजे धुळाप्पांसोबत, पिठाच्या गिरणीत उभी राहायची आणि दुपारी भाकरी थापायची. गिरणीत बायका ज्वारी घेऊन येत, चार गोष्टी बोलत, ती ऐकून घेई. तोंडाळ ती झाली अर्पूच्या तापानंतर. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. जे झालं ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तीही तोंडाळ झाली असती, आणि नसती झाली तर ते वाईट झालं असतं.

सोयाबीन काढायचे दिवस होते. गावातली निम्मी माणसं रानात. अर्पू, म्हणजे अर्पिता, उमादेवीची लेक, नुकती दोन वर्षांची झालेली. सकाळी उठली तीच लालबुंद तोंडानं. उमानं काखेत थर्मामीटर लावलं, पारा एकशे तीनच्या वर. तिनं पोरीच्या अंगातला स्वेटर काढला, पातळ झबलं घातलं, खिडकी उघडली. लस द्यायला नेलं होतं तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचं वजन करून तापाचं औषध किती द्यायचं ते सांगितलं होतं. तेवढंच मोजून दिलं. मग मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत बसली.

इरम्मा, उमाची सासू, देवपूजा आटोपून आली ती हे बघून किंचाळलीच.

"आगं, तापलेलं लेकरू उघडं ठिवलंस? वारं लागंल की तिला!"

"अव्वा, ताप बाहेर पडायला पायजे. गुंडाळून ठेवलं तर वाढंल."

"मला शिकवती? म्या लेकरं वाढिवली न्हायत काय?"

इरम्मानं खिडकी लावली. दोन गोधड्या काढल्या आणि पोरीवर घातल्या, तोंडसुद्धा झाकलं. उमानं गोधड्या काढल्या. इरम्मानं परत घातल्या. असं सकाळभर चाललं. पोर मधल्या मधी रडून रडून घामाघूम. घाम आला की इरम्मा म्हणायची, बघ, उतरतोय. उमा थर्मामीटर पुढं करायची. इरम्मा त्याच्याकडं बघायचीच नाही.

एवढ्यात गल्लीला कळलं. तापाची बातमी पिठाच्या वासासारखी पसरते. एक आली, तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दुसरी म्हणाली, सुनंनं पोरीला काळी तीट लावली नव्हती. तिसरीनं कपाळावर बर्फ ठेवायला सांगितला, आणि त्याच दमात पाणी पाजू नको, कफ होतो, असंही सांगितलं. एकीनंही पोर शेवटची कधी लघवीला गेली, दूध पिते का, विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "काय खायला घातलंस?" म्हणजे काहीही झालं तरी दोष आईचाच. पोर झोपली तर आईनं जास्त निजवली, रडली तर आईचं दूध बाधलं. बापाला कुणी काही विचारलं का? बाप, विरेश, तेव्हा ओट्यावर मोबाईल बघत होता.

त्यालाही मग वाटलं आपण काहीतरी करावं. तो उठला आणि मोटारसायकलवरच्या डॉक्टरला घेऊन आला. हा माणूस आमच्या भागातल्या गावागावांत फिरतो. कुठं शिकला, कुणाला ठाऊक नाही. एक काळी बॅग, तिच्यात सुया आणि बाटल्या. ताप असो, कंबरदुखी असो, चक्कर असो, सुई ठरलेली. लोकांना सुई हवी असते. गोळी दिली तर म्हणतात, ह्याला काय येत न्हाय.

तो आत आला, चप्पल न काढताच. पोरीच्या कपाळाला हात लावला न लावला आणि बाटलीत सुई खुपसली.

उमा म्हणाली, "थांबा. तुमी तिचा घसा बघितला का? छाती ऐकली का?"

"बाई, ताप हाय. लगेच उतरवतो."

"कशाची सुई हाय ती? बाटली दाखवा मला."

त्यानं बाटली मुठीत धरली. "तुमाला काय कळणार वाचून? डॉक्टर तुमी का मी?"

"तेच इचारायलेय मी. तुमी हाव का डॉक्टर?"

मला हसूही आलं आणि भीतीही वाटली, कारण विरेशचं तोंड काळं पडलं होतं. तो डॉक्टर बॅग बंद करत म्हणाला, "विरेश, तुझ्या घरात पुन्ना येत न्हाय मी. पोरीला काय झालं तर मला सांगू नको." आणि गेला.

तो गेला तसा विरेश बायकोवर ओरडला. चार लोकांत लाज घालवली, बोलावून आणलेल्या माणसाचा अपमान केला. उमा म्हणाली, "लाज तुमची गेली, ताप पोरीचाच हाय की अजून. चला मुरुमला, दवाखान्यात."

"आता? सोयाबीन उघड्यावर पडलंय."

हे वाक्य मी ऐकलंय, म्हणून लिहिते. सोयाबीन उघड्यावर पडलेलं त्याला दिसत होतं.

दुपार झाली. ऊन तापलं. औषधानं थोडा उतरलेला ताप परत चढला. इरम्मानं पुन्हा गोधडी घातली होती. उमा पाणी गरम करायला चुलीपाशी गेली तेवढ्यात घातली होती. कोमट पाण्यानं अंग पुसायचं म्हणून ती भांडं घेऊन आली आणि भांडं तिच्या हातातून सुटलं. अर्पूचे डोळे वर फिरले होते, हातपाय झटके देत होते.

काय गोंधळ माजला त्या खोलीत! एकीनं चमचा आणला, दात उघडा म्हणून. एकीनं कांदा फोडला. कुणीतरी चप्पल पोरीच्या नाकाशी न्यायला लागलं. उमानं चप्पल धरलेला तो हात असा झिडकारला की बाई भिंतीला आपटली.

"कुणी हात लावायचा न्हाय! अर्पूच्या अंगाला हात लावायचा न्हाय कुणी! तोंडात काय घालू नका, गुदमरंल ती!"

तिनं पोरीला कुशीवर वळवलं, गळ्याजवळची गुंडी सोडली, आणि हातपाय दाबून न धरता नुसती जवळ बसून राहिली. तोंडातून लाळ आली ती पदरानं पुसली. उमाचे ओठ पांढरे पडले होते. पोरीला धरून दाबावं असं तिला वाटत नव्हतं काय? वाटत असणारच. पण तिनं दाबलं नाही. थोड्या वेळानं झटके थांबले. पोर मऊ पडली, मग हळू रडली.

मला वाटलं, आता तरी सगळे शहाणे होतील. झालं उलटंच. इरम्मानं समई लावली, फडताळातून बिब्बा काढला, दाभणाला टोचला आणि ज्योतीवर धरला. बिब्ब्याचं तेल चरचरायला लागलं.

"पोटावर डाग दिला की जातंय हे. बाहेरचं हाय. विरेश, धर तिला."

विरेश पुढं आला. खरंच पुढं आला. उमा पोरीला छातीशी घेऊन कोपऱ्यात सरकली.

"वेडे हाव का तुमी? तापलेल्या लेकराला भाजायचं?"

"भाजत न्हाईत, वाचिवत्यात," इरम्मा म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला इचार. एवढासा असताना असंच तापलं होतं. म्या डाग दिला म्हणून आज उभा हाय. दाखिव रं तिला."

विरेशनं शर्ट वर केला. बेंबीच्या बाजूला कातडी गोळा होऊन चकचकीत झालेली, रुपयाएवढी. तो डाग आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता. लहानपणापासून नदीवर पोहताना विरेश तो डाग मिरवायचा.

"मला काय झालं?" तो म्हणाला. "जगलोच की."

जिता माणूस पुढं उभा आहे, पुरावा म्हणून पोट दाखवतोय. उमा नुसती मान हलवत होती, न्हाय, न्हाय. इरम्मा दाभण घेऊन पुढं वाकली.

तेव्हा दारातून आवाज आला. "आन् महालिंगाचं काय?"

धुळाप्पा गिरणीतून आले होते. केस, भुवया, मिशा सगळ्या पिठानं पांढऱ्या. ते घरात कधी मोठ्यानं बोलत नाहीत. आताही मोठ्यानं बोलले नाहीत.

इरम्मा थांबली.

"महालिंग कोण?" उमानं विचारलं. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तिला हे नाव ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

"थोरला," धुळाप्पा म्हणाले. "विरेशच्या आधीचा. त्याला पण ताप आलता. त्याला पण डाग दिलता, ह्याच घरात. दोन दिलते. गेला. विरेशचा डाग समद्यांना दाखिवती. महालिंगाचा कुणाला दाखिवणार? तो मातीत हाय."

इरम्माच्या हातातलं दाभण खाली आलं. धुळाप्पांनी समई फुंकून विझवली आणि विरेशकडं वळून म्हणाले, "गाडी काढ. सोयाबीनचं म्या बघतो."

विरेशनं गाडी काढली.

मुरुमला दवाखान्यात पोरीला तपासलं. घसा सुजलेला, पू धरलेला. रक्त तपासायला घेतलं. ताप एकदम चढला की काही लेकरांना असे झटके येतात, बऱ्याचदा ते आपोआप थांबतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पण पहिला झटका म्हणून पोरीला देखरेखीखाली ठेवून घेतलं. पोटाकडं बघून त्या म्हणाल्या, "चटका दिला नाही ना कुणी? बरं झालं." एवढंच. विरेश भिंतीकडं बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी घरी आणली. ताप लगेच गेला नाही. चढला, उतरला, पुन्हा चढला. उमानं गोधड्या कुलपात घातल्या, हे ऐकून गल्ली हसली. ती पातळ पेज करायची, त्यात मीठ घालायची, घोट घोट पाजायची. पोर पिते का, ओळखते का, श्वास धापा टाकत घेते का, लघवी होते का, हेच बघत राहायची. भेटायला आलेल्या बायकांना उंबऱ्यावरून परत पाठवायची. एक दिवशी सकाळी अर्पू उठून कोंबडीमागं धावली, तेव्हा संपला तो ताप.

आता खरा राग येण्यासारखी गोष्ट सांगते. पोर बरी झाली आणि श्रेय घ्यायला रांग लागली. एकीनं तुळजापूरच्या आईला बोललेला नवस सांगितला. मीठ-मोहऱ्यावालीनं मीठ-मोहऱ्या सांगितल्या. मोटारसायकलवरचा तो डॉक्टर शेजारच्या गावात सांगत सुटला की कपाळाला हात लावला तेव्हाच ताप निम्मा उतरवला होता. आणि उमाचं काय? उमा उद्धट. उमानं सासूला मुलाचं मरण आठवायला लावलं. अहो, तिनं लावलं? तिला तर त्या मुलाचं नावसुद्धा माहीत नव्हतं! पोर गेली असती तर तिचीच चूक, पोर राहिली तर तिचं काही नाही. हा कुठला न्याय? हा न्याय मी माझ्या लहानपणापासून बघत आलेय आणि मला आता त्याची चीड येते.

विरेश बायकोला चुकलो असं कधी म्हणाला नाही. अजूनही म्हणालेला नाही. मात्र नदीवर आता तो शर्ट काढत नाही, असं पोरं सांगतात.

इरम्मा बरेच दिवस उमाशी बोलली नाही. उमाही तिच्यावर चिडलेलीच होती, आणि का चिडू नये? मग एका दुपारी दोघी अंगणात ज्वारी निवडत होत्या, मीही होते. इरम्मा सुपातल्या दाण्यांकडं बघत म्हणाली, "माझ्या महालिंगाला तसं उघडं ठिवलं असतं, दवाखान्यात नेलं असतं, तर ऱ्हायला असता काय गं?"

मला वाटलं, उमा आता हिशेब चुकता करेल. तिच्या तोंडात शब्द तयार होते, मी तिला ओळखते. पण तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला ठाऊक न्हाय, अव्वा," ती म्हणाली. "कदाचित ऱ्हायला असता. तवा तुमाला कुणी सांगितलं न्हाय."

"कुणीच न्हाय सांगितलं," इरम्मा म्हणाली. "समद्यांनी मिळून धरलं होतं त्याला. माझ्या सासूनं, नणंदंनं. आन् डाग माझ्या हातून द्यायला लावला. आईनंच द्यावा लागतो म्हणं."

उमानं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा परत तसाच झाला होता, चप्पल झिडकारताना होता तसा. पण आता तो राग समोरच्या म्हातारीवर नव्हता.

"आईनंच," ती म्हणाली. "व्हय. कायबी करायचं असलं की आईच्याच हातानं."

आणि उठून तिनं उन्हात माती खात बसलेल्या अर्पूला उचललं.