परमिट अक्काची एक ओळ

बंगळूरच्या त्या संशोधन संस्थेत वसुमतीला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. संचालकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांची ती परमिट अक्का. कासव असो, डॉल्फिन असो की समुद्रघोडा, कायद्यानं जपलेल्या जिवाच्या वाटेला जायचं तर सरकारची परवानगी हवी, आणि तो अर्ज जयनगरच्या या बाईच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. बावीस वर्षं हेच. समुद्र म्हणाल तर तिनं उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलेला, तोही छत्री उघडून. पण कुठल्या प्राण्याला कुठलं कलम लागतं ते विचारा, बाई झोपेतसुद्धा सांगेल!

तिचं म्हणणं असं की शास्त्रज्ञ मंडळी हावरट. पाहायचंय, मोजायचंय, आवाज टिपायचाय, रक्त हवंय, कातडी हवी. सगळं एकाच अर्जात. जितकं मागाल तितक्या टेबलांवर फाईल ठाण मांडून बसते. म्हणून अर्ज पाठवण्याआधी वसुमती जड ओळी खोडायची. विचारून खोडायची. निदान सुरुवातीची काही वर्षं तरी विचारून. पुढं पुढं तिच्या अर्जांना झटपट मंजुरी यायला लागली, लोक पेढे आणायला लागले, आणि विचारणं आपोआप गळून पडलं.

अक्षरा ही तिची लाडकी. चिकपेटेत साड्यांचं दुकान असलेल्या घरातली पोर, घरात मराठी बोलणारी, त्यामुळं टेबलापाशी आली की दोघींची गाडी कानडीवरून मराठीवर यायची. कारवारकडच्या किनाऱ्यावर ती चार वर्षं डॉल्फिन मोजत होती. बंदराचं विष त्यांच्या अंगात किती मुरलंय, हा तिचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर फक्त ताज्या मेलेल्या डॉल्फिनच्या चरबीत मिळणार होतं, आणि तसा एकही तिच्या हाती लागला नव्हता. यंदा शिष्यवृत्ती संपत होती. परवानगीचा आठ पानी कागद आला तेव्हा तिनं तारखा पाहिल्या आणि बॅग भरली. सगळी तेच करतात.

मंगळवारी सकाळी अकराला तिचा फोन आला. ती धापा टाकत होती.

"अक्का, मिळाला! पहाटेच किनाऱ्याला लागलाय, अगदी ताजा. वनखात्याचे लोक उभे आहेत, जनावरांचे डॉक्टर निघालेत. माझी प्रत खोलीवर राहिली. मेलेल्या प्राण्याचे तुकडे घ्यायची जी ओळ आहे ना, तेवढ्या पानाचा फोटो पाठवा. संध्याकाळी पुरणार आहेत त्याला!"

"स्वल्प थांब हं, पाहते," वसुमती म्हणाली आणि फोन ठेवला. पाहायचं काय, कपाळ! ती ओळ तिनंच खोडली होती. चार वर्षांत जे मिळालं नाही ते आता काय मिळणार, आणि त्यापायी फाईलला आणखी दोन टेबलं कशाला, असा हिशेब करून.

तिनं परवानगी देणाऱ्या कार्यालयात फोन लावला. तिथला रघुनंदन भला माणूस. पण तोही म्हणाला, आज अर्ज द्या, लवकरात लवकर परवा सही होईल. परवा! शेजारच्या टेबलावरचा प्रणीत सगळं ऐकत होता. तो खुर्ची सरकवून जवळ आला.

"अक्का, 'डॉल्फिनचा अभ्यास' असं लिहिलंय ना? अभ्यासात सगळं आलं म्हणा आणि द्या पाठवून. तिथं वाळूत उभं राहून कोण वाचतंय?"

वाचत नव्हतंच कुणी. बावीस वर्षांच्या परमिट अक्कानं हो म्हटलं की अक्षरा डोळे झाकून सुरी लावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि उद्या कुणी वाचलंच, तर बेड्या पोरीच्या हातात. घड्याळात बारा वाजून गेले, अक्षराचे तीन फोन वाजून बंद झाले. चौथा तिनं उचलला.

"अक्षरा, त्याला हात लावू नकोस. ती ओळ कागदात नाहीये."

पलीकडून वाऱ्यातून अगदी बारीक आवाज आला, "सरकारनं काढली का?"

बघा, दार कसं आयतं उघडून दिलं होतं पोरीनं! एक हुंकार दिला असता तरी खपून गेलं असतं. वसुमतीनं डोळे मिटले.

"नाही गं. मी खोडली. तुला न विचारता."

फोन कट झाला. वसुमती डबा न उघडता बसून राहिली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

साडेपाचला पुन्हा फोन आला. आवाजात रडू नव्हतं, तेच तिला जास्त लागलं.

"पुरलं अक्का. मादी होती. डॉक्टरांनी उघडलं तर पोटात पिल्लू, पूर्ण दिवसांचं. आई आणि पिल्लू दोन्ही एकत्र, असं कुणाला मिळतं? डॉक्टरांना मरणाचं कारण तेवढं हवं होतं, तेवढंच त्यांनी घेतलं. मी दहा पावलांवर हात मागं बांधून उभी होते."

"रागाव मला. वाट्टेल ते बोल."

"रागच आलाय. पण मी खड्ड्यापाशी उभी राहून दुसराच विचार करत होते. तुम्ही किती वर्षं अशा ओळी खोडताय? माझी मला आज कळली. ज्यांना कधीच कळली नाही, ते कितीजण आहेत, अक्का?"

वसुमतीनं फोन कानाला तसाच धरून जुन्या अर्जांचं कपाट उघडलं आणि पहिल्या वर्षाची फाईल बाहेर ओढली.