इंगळे साहेबांची चौकातली फेरी

आमच्या ऑफिसच्या पिकअपबद्दल कुणी तक्रार केली की इंगळे साहेब उत्तर देत नसत. टेबलावरची किल्ली उचलून ते जिना उतरत, गाडी सुरू करत, ऑफिससमोरच्या मोठ्या गोल चौकाला एक फेरी मारत आणि परत येत. मग किल्ली टेबलावर आपटून म्हणत, "गाडी सरय हाये. मानूस वाकडा हाये." तक्रार दार नीट लागत नसल्याची असो, वायपर चालत नसल्याची असो, की टप गळत असल्याची, औषध एकच. सीटखाली उंदीर झाल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा ते फेरी मारून आले आणि हेच म्हणाले.

हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे लिहिता लिहिता तो मला आवडू लागेल अशी कुणाला आशा वाटत असेल, तर ती आत्ताच सोडून द्यावी.

पंजाबातल्या दहशतीच्या वर्षांत मी बदलीवर चंदीगडला होतो. केंद्र सरकारचं आमचं छोटंसं ऑफिस, आणि काम डेराबस्सीच्या आसपासच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी तपासण्याचं. मी नमुन्यांच्या बाटल्या भरून आणायचो, बलदेवसिंग गाडी चालवायचा, आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर इंगळे साहेब. ते अकोल्याकडचे, 'सरळ'ला 'सरय' म्हणणारे, मी चिपळूणचा. एवढ्या लांब दोन मराठी माणसं भेटली की गळ्यात गळे घालतात असं म्हणतात. मी गणपतीत त्यांना जेवायला बोलावलं, तर पहिला घास घेऊन ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, हे आमटी हाये का पानी?" त्यांचा मुलगा शेजारून म्हणाला, "पापा, चुपचाप खा लो ना." त्या घरात तेवढं एकच शहाणं माणूस होतं.

पिकअपचा खरा आजार होता स्टिअरिंगचा. चाक वीतभर फिरवलं तरी गाडीला पत्ता नसायचा, आणि ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची. मागे बाटल्यांचे क्रेट भरलेले असले की जास्तच. डावीकडेच, न चुकता. इंगळे साहेब यायच्या आधी ती तीन गॅरेजांत जाऊन आली होती. एकाने स्टिअरिंगचा टाय रॉड बदलला, दुसऱ्याने चाकांची अलाइनमेंट केली, तिसऱ्याने स्प्रिंगचे पाटे बदलले. प्रत्येक जण छातीवर हात ठेवून "अब पक्का" म्हणायचा आणि डेराबस्सीच्या रस्त्याला लागलं की गाडी पुन्हा डावीकडे. साहेबांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा, की तीन मिस्त्र्यांना जे सापडलं नाही ते नाहीच.

एरवी एवढ्यावर कुणाच्या जिवावर बेतलं नसतं. पण त्या दिवसांत त्या रस्त्यावर पोलिसांचे नाके होते. वाळूची पोती रचलेली, रस्त्यात आडवेतिडवे ड्रम, आणि पोत्यांमागे बंदुका रोखून बसलेले जवान. रात्रभर न झोपलेले, घाबरलेले आणि म्हणून चिडलेले. नाक्याकडे गाडी हळू न्यायची, सरळ न्यायची, दोन्ही हात चाकावर दिसले पाहिजेत, असा शिरस्ता. जी गाडी भलतीकडे वळली ती पळतेय किंवा अंगावर येतेय, असं ते धरून चालत. आणि आमची गाडी ब्रेक दाबला रे दाबला की पोत्यांच्या रोखाने सरकायची. बलदेवसिंग बराच आधीपासून अंगाचा भार टाकून चाक उजवीकडे दाबून धरायचा. त्याचे दंड थरथरताना मला दिसायचे.

"दामले जी," तो एकदा म्हणाला, "मेरी तो पग देखते ही उनकी उँगली हिलती है. ऊपर से ये गड्डी खब्बे जाती है."

पग म्हणजे पगडी, खब्बे म्हणजे डावीकडे. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नाक्यावरच्या जवानाला उडी मारून बाजूला व्हावं लागलं आणि त्याने बंदूक सरळ काचेवर रोखली. बलदेवसिंग चाक सोडून हात वर करणार, तेवढ्यात मी ओरडलो, "चाक मत छोड़ो!" थोडक्यात बचावलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्यांनी किल्ली उचलली, खाली गेले, फेरी मारून आले.

"साहेब," मी म्हणालो, "चौकात गोल फिरताना चाक एका बाजूला धरलेलंच असतं. त्यात हा दोष कळणार कसा? गाडी सरळ रस्त्याने न्या आणि ब्रेक मारा. या गावात सरळ रस्त्यांना काय तोटा आहे?"

खरोखरच, सगळं शहर पट्टीने आखलेलं. त्यात हा गृहस्थ नेमका जिथे रस्ता गोल होता तिथेच गाडी तपासायचा.

"तू मले गाडी शिकवून राह्यला का बे? तीन मिस्त्र्यायले सापडलं नाही अन् तुले सापडलं? तुम्हा लोकायले काम कराचं नसलं का गाडी वाकडी होते." मग दाराशी उभ्या असलेल्या बलदेवसिंगकडे वळून, "डर लगता है तो घर बैठो, सरदारजी. चूड़ियाँ पहन लो."

बलदेवसिंग क्रेट उचलून गाडीकडे निघाला. माझं मात्र डोकं फिरलं. "मग आज तुम्हीच चालवा," मी म्हणालो. "बघू या."

"चाल. घाबरतो का काय तुले?"

साहेब चाकावर, मध्ये बलदेवसिंग, दाराशी मी. जाताना गाडी रिकामी होती, नाक्यावरून कशीबशी नीट गेली आणि साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटेतच उतरावंसं वाटलं. दिवसभर आम्ही बाटल्या भरल्या. परतताना क्रेट गच्च भरलेले. नाका आला, साहेबांनी ब्रेक दाबला, आणि गाडी ड्रमला उडवून डावीकडच्या पोत्यांत घुसली.

आरडाओरडा झाला. चारी बाजूंनी बंदुका आल्या. आम्ही तिघं हात वर करून खाली उतरलो. तिथला अधिकारी साहेबांकडे आला. त्याने विचारलं ते अगदी सरळ होतं.

"गाड़ी में कोई खराबी है?"

"गाड़ी बिलकुल ठीक है जी," इंगळे साहेब म्हणाले.

सवयच ती. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर त्यांचा चेहरा उतरला हे मी पाहिलं, पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही.

"ठीक है, तो इधर कैसे घुसी?" अधिकाऱ्याची नजर बलदेवसिंगकडे गेली. "ये बीच में बैठा था ना? इसी ने हाथ मारा होगा. बैठ ओए, नीचे बैठ!"

जवानांनी त्याला रस्त्यावर गुडघ्यांवर बसवलं. पगडी उतरवली, तिच्या घड्या मोकळ्या करून झटकल्या. केस मोकळे सोडून तो तिथे बसून होता, ट्रकमधले लोक बघत जात होते, आणि मी घसा फोडून सांगत होतो की स्टिअरिंग खराब आहे, कधीपासून खराब आहे, हे आमचं ओळखपत्र बघा. एक शब्द पुरला असता. गाडी चालवणारे साहेब होते, वरिष्ठ साहेब होते, त्यांनी नुसतं "खराब" म्हणायचं होतं. ते हात वर करून उभे होते, ओठ हलत होते, शब्द निघत नव्हता. त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी त्यांच्या डोक्यात घातलं असतं.

शेवटी अधिकारी स्वतःच गाडीत बसला. चाक इकडे तिकडे फिरवून पाहिलं, थुंकला आणि म्हणाला, "ये गाड़ी है कि तमाशा? ले जाओ इसे यहाँ से."

पगडीचं कापड पाच-सहा मीटर लांब. ते ताणून घडी घालायला दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरावं लागतं. बलदेवसिंग धुळीतून कापड उचलून उभा राहिला, तेव्हा इंगळे साहेब पुढे झाले आणि त्यांनी टोक धरायला हात पुढे केला. बलदेवसिंगने त्यांच्याकडे पाहिलं आणि टोक माझ्या हातात दिलं. "कस के पकड़ो जी," एवढंच म्हणाला. गाडीच्या आरशात बघून त्याने पगडी बांधली, मग चाकावर बसला आणि आम्हाला घरी आणलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बलदेवसिंगने तक्रार केली नाही. टेबलावर नुसती किल्ली ठेवली. साहेबांनी ती उचलली आणि ते खाली गेले. मी खिडकीत उभा राहिलो, कारण मला त्यांची ती फेरी बघून आणखी चिडायचं होतं. गाडी चौकाशी पोचली. वळली नाही. चौक ओलांडून सरळ निघून गेली आणि झाडांच्या रांगेत दिसेनाशी झाली.

बऱ्याच वेळाने साहेब पायी परत आले. कपाळ फुटलेलं, चष्म्याची एक काच गेलेली, शर्टावर रक्त. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. आपटली नाही.

"गाडी सरयच होती," ते म्हणाले. "मानूसच वाकडा निंगाला."

"आता तरी म्हणा, खराब होती!" मी ओरडलो. त्या रक्ताचीही मला दया आली नाही.

"जाऊन पाह्य," ते म्हणाले आणि रुमाल कपाळाला लावून खुर्चीत बसले.

मी आणि बलदेवसिंग गेलो. गाडी एका जाडजूड झाडावर आदळली होती. पुढचा ॲक्सल तुटलेला, एक चाक भलतीकडेच तोंड करून पडलेलं. ती आता कुठल्याच नाक्यावर जाणार नव्हती, सरळ भंगारात जाणार होती. "देखो," मी म्हणालो, "ब्रेक मारा, खिंच गई, ठुक गई. अब समझ में आया होगा साहब को."

बलदेवसिंगने गाडीभोवती एक फेरी मारली. मग रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा झाडाकडे पाहिलं.

"दामले जी," तो म्हणाला, "रुक्ख तो सज्जे पासे है."

झाड उजवीकडे होतं. अख्खा रस्ता ओलांडून पलीकडे. ती गाडी तिच्या आयुष्यात कधी उजवीकडे ओढली नव्हती.

"पूरा ज़ोर लगाया होगा साब ने," बलदेवसिंग म्हणाला.

साहेबांनी त्याची माफी मागितली नाही. माझ्या कानावर तरी आलं नाही, आणि ते मी अजून माफ केलेलं नाही. सहा-आठ महिन्यांनी त्यांची बदली झाली. स्टेशनवर जायची माझी इच्छा नव्हती, पण बलदेवसिंग नव्या पिकअपमधून त्यांचं सामान घेऊन निघाला आणि मलाही ओढून घेऊन गेला. गाडी सुटायच्या वेळी साहेब खिडकीतून वाकले. कपाळावरचा व्रण चांगलाच ठळक दिसत होता.

"नई गाड़ी कैसी है, बलदेव?"

"सीधी जाती है, साब."

"देखा? मैं तो पहले दिन से यही बोल रहा हूँ."

बलदेवसिंग मनापासून हसला. मी हसलो नाही.