दीड हजार टप्प्यांचा देश

रशिया केवढा आहे हे भूगोलाच्या मास्तरांना विचारू नका. ते चौरस किलोमीटर सांगतील, तुम्ही मान डोलवाल आणि घरी जाऊन विसराल. मला विचारा. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो आणि माझा हिशेब टप्प्यांचा. टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. आमच्या मराठवाड्यातल्या वाशीहून धाराशिव दहाएक टप्पे. रशियाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड हजार. मी स्वतः मोजलेत, नकाशावर दोरा लावून. दोरा संपला तेव्हा बायकोच्या शिलाई मशिनवरचं दुसरं रीळ काढलं आणि त्याबद्दल आठवडाभर बोलणी खाल्ली.

त्या देशात एसटी असती तर अर्धं तिकीट काढून बसवलेलं पोरगं उतरताना पूर्ण तिकिटाला आलं असतं. ड्रायव्हर निघताना नवरदेव आणि पोचताना आजोबा. वेळापत्रक तर लावायचं कसं? तिथं अकरा घड्याळं चालतात. एका टोकाला लोक सकाळचा चहा पितात तेव्हा दुसऱ्या टोकाला जेवणं आटोपून अंथरुणं पडलेली असतात. एकाच देशात, एकाच सरकारच्या राज्यात.

हे सगळं मला ठाऊक असायचं कारण म्हणजे आमची पोरगी. डॉक्टरकी शिकायला ती तिकडं गेली आणि मी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर रशियाचा वकील झालो. कुणी साखर जास्त मागितली तरी मी विषय रशियावर नेत असे. लोकांना मी तिथला इतिहास आपल्या भाषेत समजावून दिला. आधी राजे होते, पिढ्यान्‌पिढ्या. मग क्रांती झाली, राजे गेले, कामगारांचं राज्य आलं, शेजारपाजारचे मुलूख एका सातबाऱ्यावर चढले. मग एक दिवस खातेफोड झाली. पंधरा भावांत वाटणी. आणि थोरल्याच्या वाट्याला तरी एवढं आलं की जगात त्याच्याएवढी जमीन कुणाच्या नावावर नाही.

"आन आता कारभार कोण बघतं?" टपरीवाला विचारायचा.

"राष्ट्राध्यक्ष हाय, दोन सभागृहांची संसद हाय. खाली ऐंशीच्या वर सुभे. कुणाला गणराज्य म्हणायचं, कुणाला ओब्लास्त. ओब्लास्त म्हंजे आपला जिल्हा. फक्त एकेका जिल्ह्यात आपला मराठवाडा ठिवला तर रात्री कंदील घिऊन हुडकावा लागंल."

"आन शिक्का?"

"गोल."

"मग आपलंच सरकार की," असं म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचा.

पोरगी म्हणते, पप्पांचं निम्मं बोलणं खरं असतं आणि उरलेलं निम्मं त्याहून मोठं असतं. तिला माझ्या या खोडीचा राग आहे, आणि त्या रागाला एक नेमकं कारण आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हाची गोष्ट. नाव बदललं म्हणण्यापेक्षा परतलं म्हणा. धाराशिव हे जुनंच नाव, मध्ये निजामाच्या नावावरून उस्मानाबाद झालं, आता पुन्हा धाराशिव. कुणाला कोणतं नाव गोड लागतं त्यात मी पडत नाही. कंडक्टरला सगळी तिकिटं सारखी. पण गाड्यांवरच्या पाट्या बदलल्या आणि मला खेळणं मिळालं.

एक दिवस तेरखेड्याच्या थांब्यावर एक म्हातारे तात्या गाडीत चढले. पांढरं धोतर, काखेत कापडी पिशवी. पायरीवरूनच त्यांनी विचारलं, "उस्मानाबादला जाती का वो ही?"

मी म्हणालो, "न्हाय तात्या. ही धाराशिवला जाती."

"आन उस्मानाबादची कवा हाय?"

"ती बंद झाली. गावच बंद झालं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, "असं व्हय," म्हणाले आणि शांतपणे खाली उतरले. गाडी हसली. मी बेल ओढून त्यांना परत घेणारच होतो. पण हसू आवरेपर्यंत येरमाळा आला.

त्या गाडीत मागच्या सीटवर आमची पोरगी होती. धाराशिवला क्लासला निघालेली. उतरताना ती मला एवढंच म्हणाली, "ते दवाखान्यात चालले असतील तर?"

"जातील की मागच्या गाडीनं."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग तिची परीक्षा, निकाल, प्रवेश, या गडबडीत ते विरून गेलं. म्हणजे मला तसं वाटलं.

ती दुसऱ्या वर्षाला असताना एका मंगळवारी तिचा फोन आला. आवाज बारीक. तिचा व्हिसा वाढवायचा होता आणि तिथल्या सरकारी कचेरीनं कागद अडवला होता. तिच्या पासपोर्टवर जन्मगाव उस्मानाबाद. तो नाव बदलायच्या आधी काढलेला. आणि जन्माच्या दाखल्यावर धाराशिव, कारण तो नंतर नव्यानं काढलेला. जुना दाखला उंदरानं खाल्ला होता. बायकोचं म्हणणं तो मीच कुठंतरी हरवला, पण उंदीर काही नाकारायला आला नाही.

"इथल्या बाई म्हणतात, ही दोन शहरं आहेत," पोरगी म्हणाली. "माणूस दोन शहरांत कसा जन्मेल? शुक्रवारपर्यंत कागद नीट झाले नाहीत तर परत जावं लागेल. वर्ष जाईल, पप्पा."

मग म्हणाली, "ते तात्या आठवतात का?"

मी म्हणालो, आवाज कट होतोय. आवाज स्वच्छ येत होता.

बायकोनं त्याच संध्याकाळी देव पाण्यात घातले. मी बुधवारी रजा टाकून तहसीलबाहेरच्या टायपिस्टकडं गेलो. शपथपत्र करायचं होतं. त्यानं कागद लावला आणि मजकूर विचारला. मी सुरुवात केली, "निजामाच्या काळी आमचा मुलूख हैदराबादला जोडलेला असताना..."

त्यानं बोटं उचलली. "काका, शपथपत्र हाय. कीर्तन न्हाय."

शेवटी त्यानंच टाइप केलं. उस्मानाबाद व धाराशिव ही एकाच शहराची नावे आहेत. वरील मजकूर खरा व बरोबर आहे. खाली सही. इतकं छोटं आणि इतकं खरं मी जन्मात कधी बोललो नव्हतो. सही झाल्यावर टायपिस्टनं न मागता मला पाणी दिलं. सरकारी राजपत्राची नक्कलही मिळाली. दोन्हींचे फोटो काढून मी पोरीला पाठवले. ती म्हणाली, हे सगळं मराठी-इंग्रजीत आहे, याचं रशियन भाषांतर करून त्यावर तिथल्या नोटरीचा शिक्का लागतो, त्याला आठवडा जाईल.

आठवडा कुठला. मध्ये एकच दिवस होता.

त्या दिवशी मी टपरीवर गेलो नाही. ड्युटीवर होतो, पण येडशीपर्यंत एकाशीही अवांतर बोललो नाही. ड्रायव्हरनं दोनदा मागं वळून बघितलं. तिसऱ्यांदा विचारलं, "ताप हाय का?"

शुक्रवारी दुपारी वाशी स्टँडवर गाडी लागलेली होती, सुटायला पंचवीस मिनिटं होती आणि व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडं जेवणं झालेली, त्यांच्याकडं दीड तास मागं, म्हणजे कचेरी ऐन भरात. पोरगी काउंटरसमोर उभी. काचेपलीकडं एक बाई, केस आवळून बांधलेले, चेहऱ्यावर एक सुरकुतीही हलणार नाही अशी. मी त्या चेहऱ्याला लगेच ओळखलं. तिकीट तपासायला गाडीत चढतात त्यांचा चेहरा देशोदेशी सारखाच असतो.

"पप्पा, मी त्यांना म्हटलं, वडिलांना विचारा. त्या हो म्हणाल्या. मी सांगेन त्यांना रशियनमध्ये." मग तिनं फोन तोंडाजवळ घेतला. "हात जोडते, खरं बोला. आणि थोडक्यात बोला."

यांतली एकेक गोष्ट मी कधीमधी केली असेन. दोन्ही एकदम कधीच केल्या नव्हत्या.

मी टोपी नीट केली. "मॅडम, नमस्कार. माझा आजा जन्मला निजामाच्या संस्थानात. शेती केली हैदराबाद राज्यात. म्हातारा झाला मुंबई राज्यात. आन वारला महाराष्ट्रात. ह्या चारी राज्यांत त्याचं घर एकच होतं, उंबरा एकच होता, एकदाही त्यानं सामान उचललं न्हाय. राज्यं त्याच्या घरावरून गेली, ढग जात्यात तशी. आता तुमच्या देशाचं बघा..."

पोरीनं माझ्या या सगळ्या भाषणाचे रशियनमध्ये तीन शब्द केले. तीनच. मी मोजले.

बाईंनी काचेतून फोनकडं बघितलं. काहीतरी विचारलं, अगदी लहान.

पोरगी म्हणाली, "त्या विचारतायत, शहर हललं का?"

मला निजाम, हैदराबाद, पंधरा भाऊ, सगळं एकदम तोंडाशी आलं. पोरगी फोनमधून माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी मागच्या सीटवरून बघत होती तसंच.

मी म्हणालो, "न्हाय. शहर हाय तिथंच हाय. पाटी बदलली."

तिनं सांगितलं. मग बाईंनी समोरचा फॉर्म उचलला, उलटा केला आणि मागच्या पानावर एका ओळीवर बोट ठेवलं. पोरीनं वाकून वाचलं. तिचे कान लाल झालेले मला वाशीत दिसले.

"काय झालं?"

"पप्पा," ती म्हणाली, "इथं रकाना आहे."

"कसला?"

"जन्मगावाचं आधीचं नाव, असेल तर. मला वाटलं, माझं आधीचं नाव विचारतायत, लग्नाच्या आधीचं वगैरे. मी 'नाही' लिहिलं."

झालं ते एवढंच होतं. आम्ही इकडं देव पाण्यात घातले, शपथा घेतल्या, आणि त्यांच्या छापील फॉर्मात मागच्या पानावर त्यासाठी एक ओळ सोडलेलीच होती. नंतर पोरीनं मला सांगितलं, ती ज्या नदीकाठच्या शहरात शिकते त्याचंही असंच झालं. जुनं नाव होतं, मध्ये एका पुढाऱ्याचं नाव लागलं, मग परत जुनं. त्या शहराचं नाव मी इथं लिहीत नाही, तुम्ही वाचेपर्यंत पुन्हा बदललं तर माझ्यावर येईल. अशी गावं त्या देशात इतकी आहेत की सरकारला रकानाच छापावा लागला. माझ्या टपरीवरच्या सगळ्या व्याख्यानांत तिथल्या इतिहासाबद्दल मी जे सांगू शकलो नव्हतो ते त्या एका ओळीत होतं.

बाईंनी 'नाही' खोडून घेतलं, शेजारी पोरीची सही घेतली. तिनं जन्मगाव धाराशिव लिहिलं आणि त्या रकान्यात उस्मानाबाद. बाई काहीतरी बोलल्या, चेहरा न हलवता.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, त्यांचा जन्मही आधीच्या नावाच्या गावातला आणि नोकरी आताच्या नावाच्या गावात. आणि रोज एकाच ट्रामनं येतात."

मग शिक्क्याचा आवाज आला. ठप्प. मी तीस वर्षं तिकिटं दिली, कागदाचे सगळे आवाज मला माहीत आहेत, पण असा गोड आवाज ऐकला नाही. मला तो फोनमधून नाही, थेट तिथल्या व्होल्गा नदीवरून ऐकू आला आणि स्टँडवरची कबुतरं उडाली.

मी घरी फोन केला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी देव पाण्यातून काढले, मग बोलली, "समोर लिवलेलं वाचायचं न्हाय आन गावभर बोंब मारायची. पोरगी कुणाची?" आणि रडायला लागली. मीही गाडीच्या मागं जाऊन रडलो असं ड्रायव्हर सांगतो. तो अतिशयोक्ती करतो.

गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली. माझं अंग कापसासारखं हलकं झालं होतं. बेल ओढली तर दोरी हातात येईल की मीच दोरीबरोबर वर जाईन, कळत नव्हतं. प्रत्येक थांब्यावर मी दारात उभा राहून दोन्ही नावं पुकारली. "धाराशिव, उस्मानाबाद, एकच गाव, चला." कुणी विचारलेलंही नसताना.

तेरखेड्याला तात्या उभे होते. तसे ते नंतरही दिसायचे, पण माझी गाडी आली की पाठ फिरवायचे. त्या दिवशी मीच खाली उतरलो.

"तात्या, या. उस्मानाबादला जाती."

त्यांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "गाव चालू झालं का?"

"बंद नव्हतंच. त्या दिवशी म्या खोटं बोललो. चुकलं माझं."

तात्या सावकाश चढले, खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर घेतली. मी तिकीट काढलं. ते हातात घेत म्हणाले, "मला ठावं होतं की. मागून जलद गाडी आली, तिनं गेलो. तुमची येडशीला पंक्चर हुती. म्या खिडकीतून हात केला. तुमचं ध्यान नव्हतं."

गाडीतले लोक हसले. आता त्या दिवशी आमची गाडी पंक्चर झाली होती की नाही, हे मला खरंच आठवत नाही. पण मी ते तपासायला गेलो नाही. त्यांच्या शेजारी रिकाम्या सीटवर बसलो आणि त्यांना पोरीचं सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एका शब्दाचीही भर न घालता. ते ऐकत होते. येरमाळा गेला.

"लई लांब हाय का वो ते?" त्यांनी विचारलं.

मी टप्पे सांगणार होतो. मग म्हणालो, "हाय लांब. पर दिवाळीला येती ती."