पत्र्याला कडी नाही

शिंगणापुरातल्या घरांना दारं नाहीत. चौकट असते, पडदा असतो, आणि कुत्रं आत शिरू नये म्हणून टेकवलेली एखादी फळी असते. राखण करणारा देव बाहेर उभा आहे, या भरवशावर इथली माणसं कडी-कुलपाशिवाय झोपत आली आहेत. एकवीस सालच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, देऊळ बंद होतं. तेला-फुलांची दुकानं ताडपत्रीखाली झाकलेली होती. त्याच दिवसांत गावातल्या चौकटींवर पत्रे दिसू लागले.

ज्या घरात ताप शिरे, त्या घराच्या चौकटीत दुसऱ्या दिवशी गोठ्यातला पत्रा उभा राही, आतून तारेनं आवळलेला. आजारी माणूस कुणाला दिसू नये म्हणून पत्रा लावायचा, आणि पत्र्यावरूनच गल्लीला कळायचं की आत आजारी माणूस आहे. तरीही त्याला दार कुणी म्हणत नसे. पत्र्याला कडी नाही, मग ते दार कसलं, असं माणसं एकमेकांना बजावत. देवाचा शब्द मोडला असं कुणाला वाटून घ्यायचं नव्हतं.

या पत्र्यांसमोर रोज सकाळी कडूबाई जाऊन उभी राहायची.

कडूबाईचं वय पन्नाशीच्या पुढचं. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून चौथीचं नाव कडू ठेवलं. कडू जिनसेला मरण तोंड लावत नाही, अशी आई-बापाची समजूत. नवरा गेल्यावर तिनं देवळाजवळच्या एका खानावळीत बारा वर्षं भाकऱ्या थापल्या. खानावळ बंद पडली तेव्हा गावच्या शाळेत ठेवलेल्या आजारी माणसांसाठी ती भाकऱ्या करू लागली. मग गावची आशाताईच तापानं पडली. तिनं बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र कडूबाईच्या हातात दिलं. "चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला, की गाडीला फोन लावायचा," एवढंच तिनं शिकवलं. कडूबाई चौथी शिकलेली होती. आकडे तिला वाचता येत होते.

ती घाबरत नव्हती असं नाही. साबणानं हात धुऊन धुऊन तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. बेलापूरला दिलेली तिची मुलगी स्नेहल रोज फोन करायची.

"आई, बास कर आता. तुला कुनी नेमलंय का?"

"कुनी नेमलं न्हाई म्हनूनच जाते. नेमलं असतं तर दांडी मारली असती," कडूबाई म्हणायची आणि फोन ठेवायची.

त्या दिवसांत गावात एक बातमी फिरत होती. नगरला नेलेल्या माणसांची किडनी काढून घेतात, म्हणून मढं उघडू देत नाहीत. बातमी मोबाईलवरून आली होती, पण ती गावात रुजली एका खऱ्या मरणामुळे. गल्लीतल्या कल्याणचा चुलता नगरला नेला, तो सहाव्या दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला. तोंडही पाहू दिलं नाही. कल्याणनं दहा हातांवरून चिता पाहिली. त्यानंतर तो मोबाईलवर जे येईल ते पुढं पाठवायला लागला. बोटाला लावायचं यंत्र गिऱ्हाईक हेरायला आहे. लस घेतलेला दोन वर्षांत मरतो. शाळेतल्या भाकरीत गोळी मिसळलेली असते.

भाकरीचं ऐकल्यावर कडूबाईनं भांडण केलं नाही. शाळेच्या ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी बसून, ती प्रत्येक डब्यातल्या भाकरीचा कोपरा मोडायची आणि खायची. मग डबा आत सरकवायची. दोन दिवस माणसं लांबून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, तिला उतारा दिलेला असणार.

एका दुपारी ती शाळेतून घरी आली, तर सकाळी भरून ठेवलेला हंडा घराच्या मधोमध उपडा केलेला होता. पाणी सगळ्या जमिनीवर पसरलेलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं, डब्यातलं पीठ, फळीवरचे चार पैसे, देव्हारा. काही चोरीला गेलं नव्हतं. कुणीतरी फक्त आत येऊन गेलं होतं. कडूबाई बराच वेळ चौकटीत उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या घराला दार असावंसं वाटलं. मग तिनं हंडा सरळ केला आणि नळावर गेली.

तिसऱ्या दिवशी कल्याणच्या घराला पत्रा लागला.

कल्याणची आई रंगुबाई कडूबाईपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. खानावळीत दोघी एकाच चुलीपुढं बसायच्या. पत्र्यामागून खोकला ऐकू येत होता, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये श्वास ओढल्याचा आवाज. कडूबाई पाच हातांवर थांबली.

"रंगूआक्का."

आतून कल्याण बोलला. "ती झोपलीय. जा तू मावशी."

"झोपल्यालं मानूस असं खोकतं व्हय रं? बोट बाहीर काढायला सांग. मोजते आन जाते."

"मोजायचं न्हाई. चुलत्याचं बी असंच मोजलं हुतं."

गल्लीतल्या ओट्यांवर दोघं-तिघं येऊन उभे राहिले. कुणी पुढं आलं नाही, कुणी कडूबाईला जा म्हणालं नाही. पलीकडच्या घरातली आक्काबाई पदर तोंडाला लावून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं पुटपुटली, "मरान टाळायला जिचं नाव ठिवलं, मरान तिच्याच मागं चालतंय."

कडूबाईनं तिकडं पाहिलं नाही.

"कल्याण, हे काय लावलंस चौकटीत?"

"दिसंना का? पत्रा."

"दार हाय का?"

"दार कसलं? कडी न्हाई त्येला."

"दार असतं तर मी वाजवून माघारी गेले असते. तू म्हनतोस दार न्हाई. मंग मला आडवतोस कशानं?"

ओट्यांवरची माणसं एकमेकांकडं पाहू लागली. कल्याणनं पत्र्याला दार म्हणावं, तर सगळ्या गावादेखत देवाचा शब्द मोडल्याचं कबूल करावं लागणार होतं. आणि दार नाही, तर गावातल्या कुणाही माणसाला आत येण्याची वाट मोकळी होती.

"तार सोड, कल्या," आतून रंगुबाईचा आवाज आला. तेवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. "कडू, तू संगं येतीस का? तू आलीस तर जाते."

"येते."

"तुजी काढून घेतली तर?"

"बारा वरसं चुलीपुढं बसून करपलीय माजी. घेनाऱ्याचंच नुसकान हाय."

तार सुटली. आकडा ब्याऐंशी होता.

नगरला इस्पितळात कडूबाईला आत जाऊ दिलं नाही. ती समोरच्या लिंबाखाली, इतर नातेवाईकांबरोबर पोतं अंथरून राहिली. रंगुबाईची खाट पहिल्या मजल्यावर खिडकीशी होती. सकाळी नर्स तिला टेकवून बसवायची, मग खिडकीत एक हात वर यायचा. कडूबाई तेवढ्याची वाट पाहायची, आणि तो दिसला की कल्याणला फोन करायची. "हात हालला." कल्याण फक्त "बरं" म्हणायचा.

पाचव्या दिवशी हात दिसला नाही. दहा वाजले, बारा वाजले. लिंबाखालचं एक कुटुंब पोतं गुंडाळून, कुणाशी न बोलता उठून गेलं होतं. कल्याणचे सात फोन येऊन गेले. कडूबाईनं एकही उचलला नाही. मोबाईल पदरात गुंडाळून ती खिडकीकडं पाहत बसली. आपण शब्द दिला म्हणून रंगूआक्का इथं आली, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा नीट उमगलं. मढंच परत न्यावं लागलं असतं, तर त्या गल्लीत पुन्हा कुणाच्या पत्र्यासमोर उभं राहता आलं नसतं. तीन वाजता नर्स खाली आली. मास्क मोठा लावलाय, हात उचलवत नाही, पण आहे, म्हणाली.

रंगुबाई सतराव्या दिवशी घरी आली. गाडीतून उतरली तेव्हा लुगड्यात काठी गुंडाळल्यासारखी दिसत होती. गल्लीतल्या बायका हळूहळू गोळा झाल्या, पण लांबच थांबल्या. बरी आहेस का, असं कुणी विचारलं नाही. आक्काबाई म्हणाली, "पाठ दाखीव."

रंगुबाईनं एकदा कल्याणकडं पाहिलं. तो मान फिरवून आत गेला. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि चोळी वर सरकवली. पाठीचा एकेक मणका मोजता येत होता. आक्काबाई पुढं झाली. कंबरेच्या दोन्ही बाजूंवरून तिनं बोट फिरवलं, कातड्यात शिवण शोधल्यासारखं.

"काढली असती, तर रोज मुतले असते का, बये?" भिंतीकडं तोंड ठेवूनच रंगुबाई म्हणाली.

एक-दोघी हसल्या. आक्काबाई हसली नाही. हात पदराला पुसत ती मागं सरली. "आताची शिलाई आतनं असती," ती म्हणाली. "टाकं दिसत न्हाईत."

बायका पांगल्या. रंगुबाईनं चोळी खाली ओढली आणि कडूबाईचा हात धरून ओट्यावर बसली. जिवंत माणूस समोर उभं केल्यावर आणखी काय दाखवायचं असतं, हे कडूबाईला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला आणखी दोन पत्रे लागले.

त्यातल्या एका घराची सून ज्ञानेश्वरी दुपारी घराच्या मागच्या बाजूनं कडूबाईकडं आली. आदल्या दिवशी बायकांच्या घोळक्यात ती सगळ्यात मागं उभी होती. ती चौकटीबाहेरच थांबली आणि हलक्या आवाजात बोलली.

"मामांजींना चार दिस झाले ताप हाय. आत्याबाई न्हाई म्हनत्यात. मी पाठ बघितली, मावशी. तुमी गोठ्याकडनं या."

कडूबाई उठली. गोठ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, तोंड उघडं. तिनं यंत्र पुसलं आणि त्याच्या बोटाला लावलं. आकडा बराच वेळ थरथरला आणि ऐंशीवर थांबला. समोरच्या खोलीत सासूची पावलं वाजली. ज्ञानेश्वरीनं मागं वळून पाहिलं, पण ती हलली नाही.

"गाडीला फोन लाव," कडूबाई म्हणाली.

म्हातारा तिच्याकडं पाहत होता. "तू येनार का?" त्यानं विचारलं.

"येते," ती म्हणाली, आणि पायात चपला घालायला वाकली.