ताऱ्याकडं निघालेलं जहाज, मुक्काम लातूर

विज्ञानकथांचं वेड असलेली आम्ही तीनच माणसं. मी, कांबळे सर अन् देगलूरचा गंगाधर. तिघं बसलो की एखादा किस्सा व्हायचाच. असे इतके साठलेत की कुठला आधी सांगू, असं होतं.

आमची लाडकी कादंबरीमालिका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका ताऱ्याकडं चाललेल्या जहाजाची. जादू नाही, चमत्कार नाही. सगळं पटणारं सायन्स!

•

कांबळे सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. एकदा नांदेडहून येताना एसटीत त्यांनी दुसरीच एक कादंबरी उघडली. हवा नसलेल्या अंतराळात यान फुटलं अन् "धडाम्" आवाज आला! सरांनी पुस्तक मिटून शेजारच्याला देऊन टाकलं.

"का हो, चांगलं न्हाई का?"

"लई चांगलं हाय. फक्त तेवढा आवाज सहन करा!"

•

गंगाधरचं बियाण्यांचं दुकान. जहाजावर मातीविना गहू पिकवतात, हे वाचून त्याचा फोन आला. "खत कोणतं घालून राहिले, ते लिहिलंच न्हाई!" त्यानं थेट लेखकाला ईमेल केला. उत्तर नाही.

पुढच्या भागात मात्र खतावर अख्खं प्रकरण! गंगाधरनं दुकानात पेढे वाटले.

•

तिसऱ्या भागात जहाजावरचं पाणी आटतं. मग अंघोळीचं पाणी झाडांना, भांड्यांचं पाणी गाळून फरशीला. मी भारावून ते पान बायकोला वाचायला दिलं.

तिनं वाचलं, नळाखालची रिकामी घागर सरळ केली अन् म्हणाली, "यात सायन्स फिक्शन काय हाय?"

•

पाचव्या भागात तारा दिसायला लागला, अन् लेखक थांबला. वर्षं गेली. गंगाधर हळवा झाला. "सर, शेवट वाचायला मिळंल का हो आपल्याला?"

"जहाजातून निघालेल्यांना तरी कुठं बघायला मिळाला? तरी निघालेच ना!"

•

मग शुगरनं सरांची नजर गेली. सरांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, आयुष्यात कादंबरी हातात धरली नव्हती. त्या रोज दुपारी पहिल्या भागापासून सरांना वाचून दाखवायला लागल्या. चौथा भाग अर्धा झाला असताना सर गेले.

अन् काही महिन्यांनी शेवटचा भाग आला! गंगाधर तो घेऊन देगलूरहून धावत आला. आम्ही दोघं भर दुपारी सरांच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत वहिनी एकट्याच, वाचत होत्या. मोठ्यानं.

मधेच थांबल्या.

"झोपलात का?"

आम्ही दोघं दारातच उभे.

"बरं, ऐका मग," वहिनी म्हणाल्या, अन् पान उलटलं.

गंगाधरनं पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं. चपला हातात घेऊन आम्ही जिना उतरलो.